चौदा दिवस पाणी पिणारं झाड

लोकांना वाटतं सिमेंट वाळून घट्ट होतं. साफ खोटं. वाळलं की सिमेंट मेलं. ते घट्ट होतं पाण्यानं. काम पुरं झालं की दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवस त्याला पाणी पाजावं लागतं. सकाळी, दुपारी, दिवस बुडताना. वरून ओला बारदाना गुंडाळून ठेवायचा, आणि तो कधी कोरडा पडू द्यायचा नाही. हयगय केली तर लगेच काही दिसत नाही. सहा महिन्यांनी नखानं खरवडलं की भुकटी हातात येते. सगळा जन्म या धंद्यात गेला, तरी घर बांधणारे शहाणेसुरते लोक अजून विचारतात, "मिस्त्री, वाळलं का?" डोकंच फिरतं माझं.

मी भिंती बांधणारा मिस्त्री नाही. माझं काम बागेतलं. सिमेंटचे ओंडके आडवे-उभे लावून केलेलं कुंपण, झाडाच्या बुंध्यासारखी बसायची बाकं, पावसाळी छत्रीसारखी मोठी अळिंबी आणि तिच्याखाली गोल टेबल, कमळाच्या पाकळ्यांचं कारंजं, हरणं, बगळे. लांबून लाकूड वाटावं आणि हात लावला की गार दगड लागावा, हे आमचं कसब. नांदेडला एका उस्तादाच्या हाताखाली मी ते शिकलो. उस्ताद जुन्या नांदेडातला, बोलणं सगळं दखनी. पहिले सहा महिने त्यानं मला थापीला हात लावू दिला नाही. म्हणायचा, "पहले झाड कू हाथ लगा के आ. बाद में थापी कू लगा." मी खरंच जायचो, नदीकाठच्या बाभळी, कडुलिंब, चिंचा चाचपून यायचो. लिंबाची साल उभी चिरत जाते, चिंचेची चौकटी-चौकटीनं फुटते, बाभळीची पीळ घेते. पुस्तकात शिकलो असतो तर परीक्षेला लिहून विसरलो असतो. हातानं शिकलो, म्हणून आज डोळे अधू झाले तरी विसरलो नाही.

हरणं मात्र मला कधी जमली नाहीत. माझं हरीण बघून लोक म्हणायचे, शेळी झकास केलीस. एकदा देवणीच्या एका माणसानं अंगणात ठेवायला देवणी वळू करून मागितला. केला. तो आला, चार फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "मिस्त्री, ह्यो काळा ठिपका हितं न्हाई, मानंच्या मागं पायजे. आन् वशिंड असं व्हय? ह्यो काय बैल हाय का उंट?" मी तीनदा वशिंड फोडून केलं. चौथ्यांदा तो म्हणाला, आता बरं हाय, आणि मीच ते फोडायला निघालो होतो, इतका मी वैतागलो होतो.

पण झाड म्हटलं की माझा हात धरणारा कुणी नव्हता. हे मी सांगत नाही, उस्ताद सांगायचा.

तेव्हा लातूर नुकतंच उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झालं होतं. जिकडं बघावं तिकडं नवी पाटी, नवी कचेरी, नवे साहेब. कालपर्यंत तालुक्याचं गाव, आणि आता सगळ्यांची चाल बदललेली. पानटपरीवालासुद्धा 'जिल्ह्याचं ठिकाण' म्हणायचा. एका नव्या कचेरीसमोर बाग करायचं ठरलं. गुलमोहर लावले, अशोक लावले, हिरवळीचे चौकोन आणून बसवले. आणि पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष फिरवली, दुसऱ्या वर्षीही फिरवली. बाहत्तरचा दुष्काळ बघितलेली माणसंसुद्धा म्हणायला लागली, की तेव्हा खायला नव्हतं पण प्यायला होतं, आता खायला आहे आणि प्यायला नाही. बागेतलं एकेक रोप काडी होऊन उभं राहिलं. हिरवळ तर अशी जळाली, की चालताना पायाखाली करकर वाजायची.

आता उद्घाटनाला मोठी माणसं येणार, आणि बागेत काड्या. मग एका साहेबाच्या डोक्यातून निघालं, की मधोमध सिमेंटचा वड उभा करा. पारंब्यांसकट. खाली गोल पार. त्याला पाणी घालायला नको, तो मरायचाही नाही. सगळ्यांनी माना हलवल्या, वा साहेब, काय डोकं चाललंय. त्याला पाणी घालायला नको! च्यायला, एकाही माणसानं मिस्त्रीला विचारलं नाही.

मला नांदेडहून बोलावून घेतलं. मी रोजंदारीवरचा माणूस. काम असेल तर चूल, नसेल तर उपास नाही पण अर्धपोट. बायको-लेकरं नांदेडला एका खोलीत. ओव्हरसियर मला बागेत घेऊन गेला, जागा दाखवली आणि म्हणाला, "हे बघा, नव्या जिल्ह्यात नव्या जागा भरायच्या आहेत. एक मिस्त्री कायम करायचा आहे. हे झाड साहेबांच्या मनासारखं झालं तर तुमचं नाव मी पुढं करतो. तडा गेला, साल उडाली, तर मात्र नांदेडची गाडी पकडा." कायम! आमच्या घराण्यात कायम म्हणावं असं काही कुणाला मिळालेलं नव्हतं. माझा बाप दुसऱ्याच्या शेतात राबून गेला. छप्पन साली धर्म बदलला, घरातले जुने देव गेले, बाबासाहेबांची तसबीर आली, पण राबणं तेच राहिलं. माझी माय एकच सांगायची, "लेका, सरकारात चिटक. मग कुणाच्या दारात हुबं राहायची पाळी येत न्हाई." त्या झाडावर माझी नोकरी लटकली होती, हे मला पक्कं माहीत होतं.

मी जीव ओतला. लोखंडी गजांचा सांगाडा उभा केला, त्यावर बारीक जाळी तारेनं बांधली, आतून विटांचे तुकडे भरले. मग सिमेंट-वाळूचा माल चढवायला सुरुवात. वडाच्या बुंध्याला सरळ असं काही नसतं. गाठी असतात, खड्डे असतात, दोन बुंधे एकमेकांत शिरलेले असतात. माल थोडा आवळला, की तेवढ्या वेळात लोखंडी कंगव्यानं, काथ्यानं, कधी नुसत्या बोटानं साल काढायची. उशीर झाला की हात चालत नाही, लवकर केलं की ओघळतं. पारंब्यांचं काम तर जीवघेणं. गजाला काथ्या गुंडाळून त्यावर पातळ माल. बागेच्या कडेच्या जुन्या, वाळलेल्या लिंबाला मी रोज बघायचो, पण मला वड पाहिजे होता, म्हणून सायकलवर तीन कोस जाऊन एक वड चाचपून आलो. महिनाभरानं झाड उभं राहिलं. खोटं कशाला बोलू, माझं मलाच भरून आलं. एक कावळा येऊन फांदीवर बसला, तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

आणि मग ते चौदा दिवस लागले.

ओव्हरसियरनं टँकरची सोय केली होती. एक दिवसाआड दोन ड्रम पाणी, फक्त झाडासाठी. मला बजावलं होतं, "थेंब इकडं-तिकडं जाता कामा नये. उद्घाटनाआधी मी स्वतः हातोडी मारून बघणार आहे." ऊन असं, की बारदाना भिजवून दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत पहिली बाजू कोरडी. वारा गरम. मी बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो, त्याच ड्रममधलं तांब्याभर पाणी प्यायचो आणि अंघोळ विसरलो होतो. माझं अंग वास मारत होतं, पण झाडाचं अंग ओलं होतं.

बागेच्या मागं वस्ती होती. आमच्याच लोकांची बरीच घरं. माझी धाकटी बहीण तिथंच दिलेली. ती बाळंत झाली होती आणि माय तिचं करायला जळकोटकडच्या आमच्या खेड्यातून आली होती. खरं तर पहिलटकरणीनं माहेरी जायचं, पण त्या साली खेड्यातल्या विहिरीत गाळ उरला होता, म्हणून मायच इकडं आली. मी काम सुरू करताना एकदा जाऊन भाच्याचं तोंड बघून आलो होतो. नंतर फुरसत नाही. तीनशे पावलांवर बहीण, आणि मी जात नव्हतो. झाड सोडून कुठं जाणार?

सहाव्या दिवशी वस्तीतली एक बाई घागर घेऊन बागेत आली. वस्तीचा टँकर तीन दिवस आला नव्हता, हातपंप नुसता हवा ओकत होता. ती म्हणाली, "दादा, एक घागर द्या. घरात म्हातारं माणूस हाय."

मी म्हणालो, "हे सरकारी पाणी आहे. झाडाचं आहे."

"कंच्या झाडाचं?" तिनं वर बघितलं. "ह्या? ह्ये तर शिमिटाचं हाय."

"त्यालाच लागतं."

ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग मी तांब्या भरून बारदान्यावर ओतला, आणि तिचं हसू तिथंच थांबलं. "आवं, माणसं मरायलीत आन् तुमी दगडाला पाजायलात?" तिचं खरं होतं. म्हणूनच मला संताप आला. खोटं बोलली असती तर समजावून सांगितलं असतं. मी ओरडलो. एकीला दिलं तर सगळी वस्ती येईल, माझी नोकरी तुझ्या घागरीत घालू का, चल नीघ, असं सगळं बोललो. शेवटचे दोन शब्द तर कुत्र्याला बोलावेत तसे बोललो. ती रिकामी घागर घेऊन गेली. मी रागानं आणखी दोन तांबे जास्तीचे ओतले.

ती गेली आणि घटकाभरानं माय आली. डोक्यावर पदर, कमरेवर पितळी कळशी. मला इतका आनंद झाला! माझ्या कामावर ती पहिल्यांदाच आली होती. मी तिथूनच ओरडलो, "ये माय, ये. बघ तुझ्या लेकानं काय केलंय."

ती आली. ड्रमपासून चार पावलांवर तिनं कळशी खाली ठेवली आणि मागं सरकून उभी राहिली. हात पदराखाली. काही बोलली नाही. मी बारदाना बाजूला करून तिला साल दाखवली, गाठी दाखवल्या, पारंब्या दाखवल्या. बोलता बोलता ड्रममधून तांब्या भरत होतो आणि झाडावर मारत होतो. तिची कळशी पायात येत होती. सिमेंटचे शिंतोडे उडतील, पितळ खराब होईल म्हणून मी ती उचलली. रिकामी होती, हलकी लागली. उचलली आणि नेऊन पत्र्याच्या सावलीत ठेवली.

माय त्या कळशीकडं बघत राहिली. मग झाडाकडं बघितलं आणि म्हणाली, "लई हुबेहूब झालंय. पाखरं बी फसत्याल."

"बस की जरा."

"न्हाई. पोरगी एकलीच हाय." तिनं सावलीतून कळशी उचलली, कमरेवर घेतली आणि गेली. मी पुढच्या फांदीला लागलो.

ती पाण्याला आली होती. वाचणाऱ्याला हे केव्हाच कळलं असेल, मला कळलं नाही. माझ्या मायला पाणी मागता येत नव्हतं. कधीच. निजामाच्या काळात ती लहानाची मोठी झाली, त्या खेड्यात विहिरीवर आमच्या बायकांची रीत ठरलेली होती. भांडं खाली ठेवायचं, चार पावलं मागं सरायचं आणि गप उभं राहायचं. शेतकऱ्यांच्या घरच्या बाया पाणी शेंदायच्या. एखादीला दया आली की ती वरून ओतायची. नाही आली की ऊन कलेपर्यंत उभं राहायचं. तोंडानं मागायचं नाही. मागितलं की तो उद्धटपणा समजला जायचा. धर्म बदलला, कायदा आला, पुढं विहीरही खुली झाली, तरी मायच्या अंगातून ते गेलं नाही. पाहुण्याच्या घरी गेली तरी ती पाणी मागायची नाही, कुणी तांब्या पुढं केला तरच प्यायची. आम्ही पोरं हसायचो तिला. मी तर मिसरूड फुटायच्या आधीच नांदेडला गेलो, ती विहिरीवर कशी उभी राहायची ते मी कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर त्या दिवशी ओळखलं असतं.

चौदा दिवस भरले. बारदाने काढले. ओव्हरसियर हातोडी घेऊन आला आणि बुंध्यावर, फांदीवर, पारंबीवर मारत फिरला. प्रत्येक ठिकाणी टणटण आवाज. कुठं केसाएवढा तडा नाही. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "मिस्त्री, नाव पाठवतो." आणि पाठवलं. पुढं खरंच मी कायम झालो, बायको-लेकरं लातूरला आणली, लेकरं शिकली. ते झाड आजही उभं आहे. कचेरी दुसरीकडं गेली, बागेत आता मोटारी लागतात, पण झाड नखानं खरवडा, कणभर निघायचं नाही.

त्या दिवशी मी अंघोळ केली. धुतलेला सदरा घातला, पेढे घेतले आणि बहिणीच्या घरी गेलो. दारात पाऊल टाकलं तर माय भिंतीकडं तोंड करून झोपलेली, पायाला चिंध्या बांधलेल्या. बहीण बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी पेढ्याचा पुडा पुढं केला, म्हटलं, "झाड पास झालं. नोकरी लागणार."

बहिणीनं पुड्याला हात लावला नाही. "दादा, माय तुझ्याकडं पाण्याला आली व्हती. रिकामी कळशी घिऊन परत आली."

 ते झाडाखालचं सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. कळशी, चार पावलं, पदराखालचे हात. मी म्हणालो, "मग पाण्याचं काय केलंत?"

"रूळ वलांडून पार तिकडच्या मळ्यात गेली. भर उन्हाची, अनवाणी. चप्पल वाटंतच तुटली. तिथली मालकीण विहिरीवर व्हती. मायनं कळशी ठिवली तर तिनं इचारलंबी न्हाई, भरून दिली. वर डोईवर बी चढवली. तवापास्नं ती रोज तिकडंच जाती. पायाचं कातडं गेलंय."

मला राग आला. लाज वाटली की मला राग येतो, ही माझी जुनी खोड. मी मायजवळ बसलो आणि जवळजवळ ओरडलोच, "अगं, तोंड न्हाई का तुला? मी परका हाय? पोटच्या पोराला पाणी मागायची कसली लाज? एक शब्द बोलली असतीस!"

ती वळली. रडत नव्हती. रागावलेलीही दिसत नव्हती. म्हणाली, "त्या बाईला तू हाकललास तवा मी फाटकात हुबी व्हते."

मी हातातला पेढ्यांचा पुडा खाली ठेवला.

"माघारीच फिरनार व्हते. पर बाळाला पुसायला बी पानी न्हवतं. म्हनलं, जावं. मागायचं न्हाई, नुसतं कळशी ठिवायची. दिलं तर दिलं." तिनं थोडा दम घेतला. "मागितलं असतं आन् तू न्हाई म्हनला असतास तर? बाकीच्यांनी न्हाई म्हनलं, ते जन्मभर ऐकलं रे. त्याचं काय न्हाई. तुझ्या तोंडून ऐकून मी कुठं गेले असते?"

'मी दिलं असतं' असं म्हणायला मी तोंड उघडलं. बहीण माझ्याकडं बघत होती. माय बघत नव्हती, तिनं डोळे मिटून घेतले होते, मला बोलायला सोपं जावं म्हणून असेल. सहावा दिवस होता तो. आठ दिवस अजून बाकी होते.

मी नाहीच म्हणालो असतो.